फणसाच्या पानावरचा तुकडा

चोरिस वाळत असायचे त्या आठवड्यात शेजारची शेवंतीकाकी आमच्या घराकडे पाठ करून चालायची. विहिरीवर जाताना पदर त्या बाजूला ओढून घ्यायची, आणि अंगणात माझी सासू दिसलीच तर आंब्याच्या झाडाशी बोलावं तशी तिच्याशी बोलायची. डुकराचं मांस हे शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. त्यामुळे त्या दुपारी ती आमच्या मागल्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले. मला वाटलं, मिंगेलची बातमी आली.

मिंगेल माझा नवरा. तो बोटीवर कामाला होता. नाताळ होऊन गेल्यावर त्याच्या बोटीवरचा एक माणूस सुट्टीवर आला आणि सांगून गेला की मिंगेलला तापात कुठल्याशा अरबी बंदरावर उतरवून इस्पितळात ठेवलंय, बोट पुढे निघून गेली. बंदराचं नाव त्याला नीट आठवत नव्हतं. त्यानंतर कुणाकडूनही काही कळलं नव्हतं. सातार्ड्याच्या पलीकडे, तेरेखोल नदीच्या अंगाला आमचं गाव. तिथे तेव्हा पोस्टमनसुद्धा मनात आलं तर यायचा.

सासूला मी मांय म्हणायची. कॅसिल्दा लोबो तिचं नाव. मिंगेलची बातमी कळली त्या संध्याकाळी तिनं मला वेदीच्या कोनाड्यापुढे नेलं, सांत आंतोनच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि आंगवण केली. नवस म्हणा. हरवलेलं शोधून देणारा हा संत. मिंगेल उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेपर्यंत आम्ही दोघी मांस-मासळी जिभेला लावणार नाही, असं तिनं त्याला सांगितलं आणि माझ्याकडूनही वदवून घेतलं. सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या गावात मासळीशिवाय जेवणं म्हणजे काय ते तिथल्याच माणसाला कळेल. वरण-भात गिळून गिळून मी कंटाळून गेले होते, पण तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती.

तर शेवंतीकाकी दारात. अंगणात वेळूच्या दांडीवर चोरिसांच्या माळा टांगलेल्या, त्यांच्याकडे न बघता ती आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "कॅसिल्दाबाय, तेंका चव लागणा नाय."

तेंका म्हणजे तिच्या नवऱ्याला, सगुण मेस्ताला. मांयच्या हातातला तांब्या होता तिथेच राहिला.

आता सगुण मेस्त आणि आमचे चोरिस यांचा संबंध सांगितला पाहिजे. चोरिस म्हणजे आतड्यात भरलेल्या डुकराच्या मसालेदार मांसाच्या गाठी. मांस कापायचं, मीठ लावून दगडाखाली दाबून पाणी काढायचं, उन्हात सुकवायचं, मग माडीच्या आंबट शिरक्यात वाटलेल्या मसाल्यात भरणीत मुरवायचं. मुरलं की धुतलेल्या आतड्यात भरून गाठी मारायच्या, पुन्हा ऊन दाखवायचं आणि शेवटी चुलीवरच्या धुराला टांगून ठेवायचं. पावसाळाभर घराला तेच पुरायचं. जूनमधल्या सांजांवच्या सणाला शेजाऱ्यांना जायचं. मिंगेल बोटीवर परत निघाला की त्याच्या ट्रंकेत एक माळ जायची.

यासाठी ऊन लागतं ते होळीच्या आसपासचं, कडक आणि कोरडं. आणि नेमके तेच आमचे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. आमच्या वाडीत तेव्हा त्या दिवसांत कुणाही ख्रिस्ती घरी मांस शिजत नसे. म्हणजे वर्षाचं मांस हातानं मळायचं, पण जिभेवर ठेवायचं नाही. मग मीठ बरोबर आहे की नाही ते बघायचं कुणी? मांय लग्न होऊन आली तेव्हा हीच पंचाईत झाली होती, आणि दगडी गडग्यापलीकडून हा तरुण सुतार म्हणाला होता, माका काय उपास नाय, माका देवा. तेव्हापासून आतड्यात भरण्याआधी मांय भरणीतला एक तुकडा निखाऱ्यावर भाजायची, फणसाच्या पानावर ठेवायची आणि सगुणदाजीला हाक मारायची. तो धुतलेला सदरा घालून यायचा. सोप्यावर बसून, डोळे मिटून चावायचा, आणि "एक मूठ अजून" किंवा "अर्धी मूठ" असं सांगायचा. तो म्हणेल तेवढं मीठ पडायचं, त्याच्यावर वाद नसायचा. मग नदीवर जाऊन आंघोळ करून तो घरी जायचा. नवरा कुठे गेला होता ते शेवंतीकाकी विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही. असा त्यांचा संसार सुखाचा चालला होता.

त्या वर्षीही तो आदल्या दिवशी येऊन गेला होता. तुकडा चावला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "बरोब्बर. कण पण नको." मांय खूश झाली होती. इतक्या वर्षांत त्यानं काही ना काही खोट काढली नाही असं झालंच नव्हतं. मग आम्ही दोघींनी दिवसभर बसून सगळं मांस भरलं होतं. माझ्या बोटांना मिरचीची आग, पाठीचा काटा ढिला, आणि मांयची बोटं तर संधिवातानं आधीच वाकडी. तिला गाठी मारता येत नव्हत्या, तरी ती मारत होती.

शेवंतीकाकीनं सगळं सांगितलं. दिवाळीनंतर सगुणदाजीला वारं लागून तोंड वाकडं झालं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. पाल्याच्या शेकानं तोंड सरळ झालं, जीभ मात्र तशीच राहिली. एकदा ती पेजेत मीठ घालायला विसरली, तर तो मुकाट्यानं पिऊन गेला. तिला शंका आली. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम आळणी कढी वाढली.

"बोटां चाटून खाल्ल्यानी," ती म्हणाली. "बरी झाली म्हणाले. माका रडूक इलां."

त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. हात कापतात म्हणून त्याला आता कुणी सुतारकामाला बोलावत नव्हतं. वर्षातून एकदा माणसं आपल्याला विचारतात, आपल्या शब्दावर काही ठरतं, असं एवढं हेच उरलं होतं. काल सदरा धुऊन द्यायला त्यानं तिला दोनदा आठवण करून दिली होती. ती गप्प बसणार होती, पण तिला झोप लागली नाही. उद्या कुणाला काही झालं तर पाप आपल्या कपाळी, असं तिला वाटत होतं.

"मी सांगलंय ह्या तेंका कळता नये," जाताना ती म्हणाली. "मरान जातले."

मांय मान हलवून बरं म्हणाली. काकी गेली तशी तिनं मागलं दार लावून घेतलं.

मीठ कमी पडलं तर वरून काही दिसत नाही. धूर बसतो, गाठ कडक होते, शिरक्या-लसणीचा वास छान येतो. आतून मांस मऊ राहतं आणि पावसाळ्यात कधीतरी घात करतं. मांयच्या माहेरी हे झालं होतं. तिच्या भावाच्या घरातली सगळी माणसं आजारी पडली होती आणि त्याची धाकटी मुलगी गेली होती. त्या भावानं पुढे कधी डुक्कर पाळलं नाही. म्हणून मिठाच्या बाबतीत मांयनं देवाचंही ऐकलं नसतं. आमच्या घरात मीठ मुठीनं मोजलं जायचं, आणि तिनं आता आपली मूठ वळून माझ्यापुढे धरली. बोटं पुरती मिटतच नव्हती.

"ही काय मूठ आसा?" ती म्हणाली. "हेच्यात किती मीठ रवता?"

मी म्हटलं, सगळं टाकून देऊ. ती म्हणाली, कुठे टाकशील? नदीत टाकलं तरी वाडीला कळेल, आणि वाडीला कळलं म्हणजे सगुणाला कळलं. मग मी म्हटलं, सोडवून अंदाजानं मीठ घालू. तर ती म्हणाली, मसाल्यातलं मांस धुता येत नाही, खारट झालं की कुत्रंही तोंड लावणार नाही, आणि घरात दुसरं काय आहे पावसाळ्याला? वाडीतल्या सगळ्या ख्रिस्ती घरांना उपास, बाकीची घरं डुकराला शिवणार नाहीत. दारूच्या गुत्त्यावर बसणारे दोघे-तिघे आनंदानं चाखून गेले असते, पण दिवस मावळायच्या आत सगुण मेस्ताच्या जिभेची गोष्ट बाजारात पोचली असती. पोराबाळांचंही तेच. ईस्टरपर्यंत थांबावं, तर कमी मिठाचं मांस आमच्यासाठी थांबणार नव्हतं.

राहता राहिल्या आम्ही दोघी.

"मी बघतंय," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा थकवा जास्त होता. कुणीतरी काहीतरी करावं आणि हे संपावं, एवढंच वाटत होतं.

मांय माझ्यावर खेकसली. "तू तेची बायल. तुझी आंगवण मोडूची नाय." मी म्हटलं, तुम्ही त्याची आई, तुमची मोडली तर कसं चालेल? पाद्रीला विचारू, तो सूट देईल, असंही मी सुचवलं. ती म्हणाली, पाद्री उपासाची सूट देईल, पण आंगवण मी पाद्रीला सांगितलेली नाही. नुसतं जिभेवर ठेवून थुंकून टाकू म्हटलं, तर ती म्हणाली, सांत आंतोन काय कोर्टातला वकील आहे, असल्या पळवाटा ऐकायला? एवढं बोलून तिनं विषय संपवला. आम्ही वरण-भात खाल्ला आणि पडलो.

सकाळी मी उठले ती भाजल्याच्या वासानं. इतके दिवस मांसाचा वास नव्हता घरात, त्यामुळे तोंडाला पाणी सुटलं आणि लगेच लाज वाटली. स्वयंपाकघराकडे जाताना वेदीचा कोनाडा लागतो. तिथे मी थबकले. सांत आंतोनचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं.

दाराच्या फटीतून मांय दिसली. चुलीपुढे पाटावर बसली होती, हातात फणसाचं पान. तिनं तुकडा तोंडात घातला. चावला, नीट, पुन्हा पुन्हा चावला. आणि गिळला. मग पान चुलीत सारलं. मी आत जाऊ शकले असते, पण गेले नाही. ती जे करत होती त्यात माझ्यासाठी जागा नव्हती.

मग ती उठून कोनाड्याकडे आली. मी दाराआड सरकले. तिनं मूर्ती पुन्हा सरळ केली, पदरानं पुसली, आणि उधार-उसनवारीचं बोलावं तशा आवाजात त्याच्याशी बोलली.

"बघितलंस नाय तरी तुका कळलां आसतला. मी मोडलंय. शेजाऱ्यासाठी मोडलंय, खाण्यासाठी नाय. तुझां देणा माझ्यार. आता जीव आसा थंयसर मी मास-मासळी खावची नाय. झील इलो तरी नाय. तू फक्त तेका धाड."

मी उलट पावली अंथरुणाकडे गेले आणि झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळानं ती मला उठवायला आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उठ गे. मीठ कमी आसा. दोन मुठी तरी होये. तुझ्या मुठी घाल."

त्या दिवसाइतकी मी पुढे कधी दमले नाही. बाळंतपणातही नाही. सगळ्या माळा अंगणातून काढून आत आणल्या, दारं लावून घेतली, एकेक गाठ सोडून मांस परत परातीत काढलं. आतडी फाटली. उरलेली पुन्हा धुतली. मी मीठ घातलं, मळलं, दडपलं. मांयनं दुसऱ्यांदा तुकडा भाजला आणि या वेळी माझ्यासमोरच खाल्ला. "आता बरां आसा," ती म्हणाली. मग आम्ही पुन्हा भरायला बसलो. मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिरची लागली म्हणाली. मीही तेच म्हणाले.

दुपारी गडग्यावरून हाक आली. सगुणदाजी उभा होता, रिकाम्या वेळूच्या दांडीकडे बघत. एवढं चांगलं ऊन असताना माळा आत का नेल्या, असं तो विचारत होता. मांय पदराला हात पुसत बाहेर गेली.

"कावळे लय झालेत रे मेस्त," ती म्हणाली. "चोची मारतत."

त्यानं वर आकाशाकडे बघितलं, मग आमच्या बंद दाराकडे. "व्हय तर," म्हणाला आणि घरात गेला. मांय आत येऊन म्हणाली की बरं झालं, त्याला काही कळलं नाही.

ईस्टर झाला. मिंगेल आला नाही. मांय चर्चमधून आली आणि मुकाट्यानं भात वाढून घेतला. शेवंतीकाकी त्या दिवसांत एकदा विहिरीवर भेटली, ती वैतागलेली होती. ताजे फडफडीत बांगडे आणले तरी हे ताटात घेत नाहीत, म्हणाली. पोट बिघडलंय म्हणून नुसता कढी-भात खातात, गालफडं बसलीत. चव नसली की माणसाचं मनच उडत असणार, असं आम्ही दोघी म्हणालो आणि घागरी उचलल्या.

पहिला वळीव पडून गेल्यावर मिंगेल आला. अंगात हाडंच शिल्लक होती. फाटकातून आत आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही, शहाळी मागायला आलेला कुणी वाटला. मांयनं मात्र हातातलं सूप टाकलं आणि धावली. त्या संध्याकाळी धुरावरची माळ खाली आली. मी आधाशासारखी खाल्ली. मिंगेलनं आईच्या ताटात एक मोठा तुकडा ठेवला. तिनं तो उचलून माझ्या ताटात घातला. "माझे दात खंय आसत आता," ती म्हणाली.

मिंगेल मुळात साधा माणूस. आईला दात नाहीत म्हणून ती चोरिस खात नाही, हे त्याच्या मनाला इतकं लागलं की पुढच्या सुट्टीत तो तिला सावंतवाडीला घेऊन गेला आणि कवळी करून आणली. आता खा, म्हणाला. मांय माझ्याकडे बघायला लागली. इतकी केविलवाणी मी तिला कधी बघितली नव्हती. मग तिनं कवळीला मांस चिकटतं असं काहीतरी सांगितलं. तो बिचारा कवळीवाल्याला शिव्या देत बसला. अख्ख्या पंचक्रोशीत जिच्या हातच्या चोरिसांचं नाव होतं, तिनं मरेपर्यंत त्यातला कण खाल्ला नाही, आणि घरादारानं तिला दातांची तक्रार असलेली म्हातारी म्हणून सोडून दिलं. मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक असावं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

आणि दर वर्षी उपासाच्या दिवसांत तुकडा भाजला जायचा, फणसाच्या पानावर ठेवला जायचा आणि मांय गडग्यावरून हाक मारायची. सगुणदाजी धुतलेला सदरा घालून यायचा. डोळे मिटून चावायचा. कधी "बरोब्बर" म्हणायचा, कधी "अर्धी मूठ". तो नदीकडे गेला की मी आत जाऊन दुसरा तुकडा भाजायची आणि खरं मीठ ठरवायची. माझा उपास मोडायचा. पहिल्या वर्षी पाद्रीला सांगितलं, नंतर त्यालाही कंटाळा आला असणार म्हणून सोडलं. मांयला मी बोटांनी खूण करायची, कमी की पुरे. असं चाललं, सवयीचं होऊन गेलं.

मांय गेली ती पावसाळ्यात. त्याआधी एक वर्ष शेवंतीकाकी गेली होती. पुढचा उपासकाळ आला तेव्हा घरात चोरिस करायला मी एकटीच. करावेत की नाही असं झालं होतं. पण मिंगेल आता कायमचा घरी होता आणि त्याला हवे होते. मी भरणी भरली, तुकडा भाजला, पान पुसलं आणि गडग्याशी गेले. हाक मारायची माझी पहिलीच वेळ.

सगुणदाजी काठी टेकत आला. सदरा धुतलेला होता, पण चुरगळलेला. आता तो धुऊन द्यायला कुणी नव्हतं. सोप्यावर बसला, पान मांडीवर घेतलं. मग पान माझ्याकडे सरकवलं.

"लुर्दिना, तूच सांग आता," तो म्हणाला. "मी थकलंय गे."

मी म्हटलं, दाजी, असं काय, तुमच्याशिवाय कसं होणार.

"त्या दिवशी आभाळात एकव कावळो नाय होतो," तो म्हणाला.

मांयनं त्याला सांगितलेले कावळे मला आठवले. तो सावकाश बोलत होता, मधे थांबत होता. जीभ मेली होती, पण नाक जिवंत होतं, म्हणाला. त्या पहाटे तो गुराला वैरण घालायला उठला होता आणि आमच्या चुलीवरून चोरिस भाजल्याचा वास आला होता. उपासाच्या दिवसांत. आंगवणीच्या घरातून. मग दुपारी त्यानं रिकामी दांडी बघितली आणि त्याला सगळं कळलं. चाखल्या दिवशीच सांगायला हवं होतं, पण सदरा घालून, चार माणसांत असल्यासारखा सोप्यावर बसल्यावर त्याच्या तोंडातून ते निघालं नव्हतं. आपल्या खोट्या शब्दापायी कॅसिल्दाबायनं मुलाची आंगवण मोडली. तो घरात जाऊन पडला आणि त्याला वाटलं, आता मिंगेल काही येत नाही.

"मगे मी काय करू?" तो म्हणाला. "तिना मोडल्यान ती आंगवण मी धरलंय. माझो देव येगळो, पण म्हटलां तिच्या देवाक मोजूक तर येता आसतला, एक गेली, दुसरी इली. तुझो घोव घरात येयसर मी मास-मासळी तोंडात घेतलंय नाय. शेवंतीक सांगलंय, पोट बिघडलां."

बांगडे ताटात न घेणारा, गालफडं बसलेला हा माणूस मला आठवत होता, आणि विहिरीवर आम्ही दोघींनी काढलेला तो शहाणा निष्कर्ष.

"पुढच्या वर्षी येऊचा नाय असां ठरवलेलां," तो म्हणाला. "पण ती हाक मारूक इली. इतक्या मोठेपणान तिना झाकल्यान, मगे मी कसां उघडू? येय होतंय. खाय होतंय. लाकूड चावल्यासारखां लागता, सांगतंय तुका." तो जरासा हसला. मग हसू गेलं आणि त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत असतं तसं पाणी होतं, की दुसरं काही, ते मला सांगता येणार नाही.

"एक इचारू?" तो म्हणाला. "मिंगेल इल्यार तिची आंगवण सुटली मां? ती त्येच्यानंतर कदी खाताना दिसली नाय. सांजांवाक पण नाय. लय वर्सां माझ्या मनात आसा. तिना माझ्यापायी आनी काय सोडल्यान तर नाय?"

आतून मिंगेल खोकल्याचा आवाज आला. तो उठला होता आणि चहा शोधत होता.

"नाय ओ दाजी," मी म्हटलं. "तिचे दात गेले होते."

"आनी कवळी केल्यानी ती?"

"कवळेक मास चिकटता."

मग त्यानं मान हलवली आणि भिंतीला पाठ टेकली. मी पानावरचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. तो डोळे मिटून थांबला, मी काय सांगते त्याची वाट बघत.

"अर्धी मूठ," मी म्हटलं.

"अर्धी मूठ," तो म्हणाला.